ठेंगूवर लागलेलं कलम

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावोजींनाही सांग. (त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. आपलं भांडण चालू असताना ते बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला ओळीत लावत बसले होते, हे मी विसरलेलो नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, कितपत खुशाल आहेत ते पुढे कळेलच. तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही असं ऐकलं. (बहुतेकांचं उलटं असतं. डॉक्टर बदलून बघ.) आता तुझा गुडघा मला कुणी सांगितला, असा प्रश्न तुला पडेल. पडायलाच हवा. मला तो गेले दोन महिने पडतो आहे.

आपण चार वर्षं बोलत नाही हे तुझ्या लक्षात असेलच. तेव्हा आधीच स्पष्ट करतो की लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. पत्र आलं म्हणजे अबोला सुटला असा समज करून घेऊन तू फोनबिन करू नयेस. हे पत्र एका तक्रारीसंबंधी आहे. तक्रार कुणाविरुद्ध करायची हे पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत मला अगदी पक्कं माहीत होतं. आता तितकंसं नाही.

मुद्दा ठेंगूचा आहे. तू ठेंगूला विसरली नसशील, पण चार वर्षांत माणसं काय काय विसरतात, म्हणून आठवण देतो. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला आईने लावलेलं ते गोल झुडूप. बारीक, जाड, चकचकीत पानं, बाराही महिने हिरवं, फूल असून नसल्यासारखं, आणि उंची माझ्या मांडीच्या वर कधी गेली नाही. आई त्याला ठेंगू म्हणायची आणि मलाही ठेंगूच म्हणायची, त्यामुळे ती अंगणातून ओरडली की नेमकं कुणाला ओरडते आहे ते कळत नसे. जायचो मात्र मीच. आई गेल्यावर तू घरातलं काहीही मागितलं नाहीस. कपाट नको म्हणालीस, शिवणयंत्र नको म्हणालीस. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मग निघताना, पिशव्या रिक्षात ठेवून झाल्यावर, फाटकाशी उभी राहून म्हणालीस, ठेंगू दे. मी म्हटलं पंचेचाळीस वर्षांचं झाड उपटलं तर मरेल. तू म्हणालीस, तुला झाड नको आहे रे, तुला फक्त नाही म्हणायचं आहे. आणि जिन्याखालची लांब दांड्यांची कात्री उचललीस, काखेत मारलीस आणि गेलीस. तेव्हापासून झाड माझ्याकडे आणि कात्री तुझ्याकडे, अशी आपल्या आईच्या इस्टेटीची वाटणी झालेली आहे.

तर ठेंगूची सद्यःस्थिती. निगा उत्तम आहे. पहिल्या वर्षी मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तर पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं तू जाताना मुळाशी काहीतरी घालून गेलीस. (रागावू नकोस. वाटलं ते लिहितो आहे.) नंतर रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं की झाड तहानेने नाही, पाण्याने मरतंय, बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, माती बोटाला चिकटली तर पाणी घालायचं नाही. आता मी रोज बोट खुपसतो. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण बसतो, तो साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक टिपतो. आत वाळलेली काडी राहिली तर काढतो, वारा खेळायला हवा. हे सगळं मी दोन्ही बाजूंना सारखं करतो. छाटणी मात्र मी फक्त माझ्या बाजूची करतो.

हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आई मधोमध दोरी धरायची, उजवीकडची बाजू माझी आणि तू डावरी म्हणून डावीकडची तुझी, हे तुला आठवत असेल. (नसेल आठवत तर पुढचं वाचू नकोस.) उद्या तू येऊन म्हणालीस की माझ्या बाजूला कुणी हात लावला, तर मी काय उत्तर देणार? म्हणून चार वर्षं मी दोरी बांधतो, माझी बाजू गोल करतो, दोरी सोडतो आणि आत येतो. (कात्री अर्थात शिवणाची. तुझ्या भावजयीची, तिच्या नकळत. कापड कापलं जात नाही म्हणून ती धार लावणाऱ्याला बोल लावते, तो बिचारा ऐकून घेतो.) तुझी बाजू हळूहळू वाढते, पण चार वर्षांत हातभर वाढलीच. रस्त्यावरून पाहिलं तर न्हाव्याने अर्धी हजामत करून पळ काढलाय असं दिसतं. समोरच्या इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, साहेब, दुसरी बाजू कुणाची? त्याला तसं का विचारावंसं वाटलं याचा मी अजून शोध घेतो आहे. पोस्टमन म्हणतो, घर सांगायला सोपं पडतं.

आता मुख्य प्रकरण. मी वजनमापे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली, हे तुला माहीत आहे. तागडी सरळ दिसते म्हणून ती सरळ असते असं नाही. पारड्याच्या तळाला बोट फिरवल्याशिवाय तिथे मेणाचा गोळा आहे की नाही ते कळत नाही. ही सवय निवृत्तीनंतर जात नाही. कुणी माझ्याशी गोड बोललं की माझं बोट आपोआप खालून फिरायला लागतं. आणि दोन महिन्यांपूर्वी तुझी भावजय माझ्याशी गोड बोलायला लागली.

आधी एक दिवस तिने माझा मोजपट्टीचा डबा मागितला. कशाला, तर उगीच. मग मी स्वयंपाकघरात गेलो की फोनवरचं बोलणं थांबायचं आणि ती म्हणायची, बरं ठेवते हं, दूधवाला आलाय. (मी दूधवाल्यासारखा दिसतो का?) मग एका सकाळी बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, ताईंचा गुडघा चढताना दुखतो. मी मान वर केली. ती म्हणाली, म्हणजे दुखत असेल, या वयात दुखतोच. त्यानंतर चार दिवसांनी, चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता: ताईंच्या नव्या घरापुढे जागा आहे का हो थोडी? आता ताई, तू नवं घर घेतलंस हे मला कसं माहीत असणार? मी म्हटलं मला काय ठाऊक. ती म्हणाली, हो ना, मलाही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतक्या पटकन माझ्याशी कधी सहमत झालेली नाही.

याच सुमारास शेजारच्या कोर्टवाल्यांचं कुंपणाशी येणं वाढलं. ते तुझ्यानंतर राहायला आले. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, सडपातळ, अतिशय सभ्य, आणि कुठलंही वाक्य बोलण्याआधी आजूबाजूला बघून घेणारे. अशा माणसाबद्दल कुणालाही विश्वास वाटेल, म्हणून मला वाटला नाही. तर अकरा तारखेला सकाळी सव्वादहा वाजता (नोंद केली आहे) मी मागच्या अंगणात दोरीवरच्या चादरीमागे उभा होतो. लपलो नव्हतो. चादर वाळली का बघत होतो. ती आदल्या दिवशीच वाळली होती, हा भाग वेगळा. कुंपणापलीकडून कोर्टवाल्यांचा आवाज आला. तो मी शब्दशः लिहून ठेवला आहे, तसाच उतरवतो.

“साधं कलम टिकायचं नाही, वहिनी. दाब कलमच लावू. एकदा लागलं की सुटायचं नाव नाही.”

“पण ह्यांना कळलं तर?”

“कळू द्यायचं नाही. आठ आठवडे दाबून ठेवायचं, जागचं हलू द्यायचं नाही. एक डोळा तेवढा उघडा ठेवा. मग तोडायचं आणि ताईंच्या हवाली करायचं.”

ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस? माझ्या हातातला चादरीचा चिमटा खाली पडला. सख्खी बायको, शेजारी कोर्टातला माणूस, आणि पलीकडे तू. माझ्यावर कलम लावणार, आठ आठवडे मला दाबून ठेवणार, घराबाहेर हलू देणार नाहीत, आणि मी मोडलो की तुझ्या हवाली करणार. मला राग आला नाही, खरं सांगतो. मला आधी वाईट वाटलं. तू झाडासाठी भावावर कोर्टात जाशील असं मला चार वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं, आणि मला तर काहीही वाटू शकतं.

पण नुसतं वाईट वाटून घेऊन भागत नाही. दुसऱ्याच दिवशी मी सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि कायद्याची जाड पुस्तकं काढून दाब कलम शोधायला बसलो. दमदाटीचं कलम सापडलं, कोंडून ठेवण्याचं सापडलं, दुसऱ्याचं झाड तोडण्याचंसुद्धा सापडलं, दाबाचं काही सापडेना. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई म्हणाल्या, काका, कुणी त्रास देतंय का घरी? मी हो म्हणणार होतो, पण त्यांनी ते फार प्रेमाने विचारलं, म्हणून नाही म्हणालो. मग कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करून देणारा एकजण बसतो त्याला गाठलं. त्याने चष्मा कपाळावर घेतला, विचार केला, आणि म्हणाला, दाब कलम माझ्या तरी हाताखालून गेलेलं नाही. पण हल्ली रोज नवीन निघतात, निघालं असेल. वर असंही म्हणाला की कुठलंही कलम लागायचं तर आधी माणसाचं वागणं बघतात. हे मला पटलं.

त्या दिवसापासून मी चांगलं वागायला लागलो. (हसू नकोस. तुला कल्पना नाही किती अवघड असतं.) सकाळी उठून चहा मी केला. ओले टॉवेल पलंगावर टाकायचे बंद केले. तुझ्या भावजयीच्या बहिणीचा फोन आला तर स्वतः उचलून तिच्या जावयाची चौकशी केली. आठ दिवसांत तुझी भावजय माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली. नवव्या दिवशी तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, काय केलंत तुम्ही? खरं सांगा, मी रागावणार नाही. म्हणजे मी तिच्यावर संशय घेतोय आणि ती माझ्यावर, आणि दोघंही एकमेकांना चहा करून देतोय, असं आमचं महिनाभर चाललं होतं. घरात इतकी शांतता आमच्या लग्नापासून नव्हती.

या सगळ्यात ठेंगूकडे माझं जरा दुर्लक्ष झालं. आणि तुझ्या बाजूला मी तसाही पाणी आणि पिठ्या ढेकूण यांखेरीज लक्ष घालत नाही. पण दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी दुपारी, ही बाहेर गेलेली असताना, बोट खुपसायला खाली बसलो, तर तुझ्या बाजूला, फांद्यांच्या खाली, एक वीट. घराला लागलेल्या विटांची जात मला माहीत आहे. ही आपली नव्हती. कोर्टवाल्यांच्या कुंपणाची होती. विटेखालची माती भुसभुशीत आणि ओली. आता वीट दिसली की ती उचलून खाली काय आहे ते बघायचं, एवढ्यासाठी सरकारने मला एकतीस वर्षं पगार दिला. माझी खात्री पटली की तिथे काहीतरी पुरलंय. कागद असतील. नाहीतर माझ्याविरुद्ध सापडावी म्हणून ठेवलेली एखादी वस्तू असेल. मी रीतसर पंचनामा केला. फाटकापासूनचं अंतर मोजलं, विटेची लांबी-रुंदी घेतली, वहीत नकाशा काढला, पंच म्हणून इस्त्रीवाल्याला हाक मारली (तो आला नाही, इस्त्री तापली होती म्हणाला), आणि वीट उचलली.

खाली ठेंगूचीच एक फांदी होती. तुझ्या बाजूची, सगळ्यांत खालची. वाकवून मातीत गाडलेली, वर दोन जाड आकड्यांनी घट्ट दाबून बसवलेली. आकडे तुझ्या भावजयीच्या अंबाड्याचे. फांदीचा शेंडा तेवढा मातीबाहेर, त्याला काडीचा टेकू. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं ठेंगूला एका बाजूने खाली ओढून हळूहळू उपटायचा डाव आहे. मी आकडे काढले आणि फांदी वर खेचली. ती सहज येईना, मग जोर लावला. मातीतून वर आली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला, साल खरवडलेल्या जागी, बारीक पांढरे धागे लोंबत होते, वीतभर पसरलेले. बरेचसे तुटून मातीतच राहिले. मला वाटलं बुरशी. झाडभर पसरू नये म्हणून शिवणाच्या कात्रीने फांदी झाडापासून कापली आणि ते पांढरे धागे रुमालाने पुसून स्वच्छ केले.

हो ताई. पुसले.

संध्याकाळी पाच वाजता मी कोर्टवाल्यांना चहाला बोलावलं. टेबलावर पेपर पसरून त्यावर सगळा पुरावा मांडला: फांदी, दोन आकडे, वीट, नकाशा, आणि रुमाल. मग दोघांना समोर बसवून मी विचारलं की हे कुठलं कलम आहे ते आता माझ्या तोंडावर सांगा. कोर्टवाल्यांनी आजूबाजूला बघितलं. मग फांदीकडे बघितलं.  आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हेच ते कलम.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही झाडांची फांदी नुसती कापून लावली तर जगत नाही. म्हणून ती झाडाला तशीच ठेवून वाकवायची, खालून साल थोडी खरवडायची, मातीत दाबायची, वर वजन ठेवायचं. आईकडून अन्न मिळत राहतं आणि खाली स्वतःची मुळं फुटत जातात. आठेक आठवड्यांनी मुळं पुरेशी झाली की मग झाडापासून तोडायचं. त्याला दाब कलम म्हणतात. शेंड्याकडचा डोळा, म्हणजे पालवीचा कोंब, मातीवर उघडा ठेवायचा. हलवायचं मात्र अजिबात नाही. हलवलं की मुळं तुटतात. कोर्टात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं, ते म्हणजे फायली रचणं. कलमं त्यांना ठाऊक आहेत ती फक्त झाडांची. ते रुमालाकडे बघत होते. पाच आठवडे पाच दिवस झाले होते म्हणाले.

तुझ्या भावजयीला मी रागावलेलं पुष्कळदा बघितलंय, त्याची मला सवय आहे. ती रागावली नाही. तिने आकडे उचलले, पदराने पुसले, अंबाड्यात खोवले आणि म्हणाली, “ताईंना साठ पूर्ण होतायत. तुम्ही मूळ झाड देणार नाही, मागितलं तर पुन्हा भांडण. म्हटलं एक पिल्लू तरी जाऊ दे त्यांच्या दारात. सासूबाईंच्या हातचं.” मग आत गेली.  कोर्टवाले चहा न पिता उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, आणि म्हणाले, फांदी आत्ताच्या आत्ता ओल्या मातीत लावा, पानं निम्मी काढा, सावलीत ठेवा. जगेल का, मी विचारलं. ते म्हणाले, चारातली एखादी जगते. आमच्याकडे एकच होती.

मला लाज वाटली. हे कागदावर लिहायला बरं दिसत नाही, पण वाटली ती वाटली. लाजेतही मी एक हिशेब मात्र केलाच, कारण ती माझी जातच आहे: तुझा गुडघा, तुझं नवं घर, तुझी साठी. म्हणजे ही गेली चार वर्षं दर आठवड्याला तुझ्याशी फोनवर बोलते. आणि तू तिला माझ्याबद्दल काही विचारतेस का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, दर वेळी फोन ठेवताना विचारतात. काय विचारतात, मी म्हटलं. ती म्हणाली, “ठेंगू कसा आहे.”

मी तेव्हापासून विचार करतोय की नेमकं कुणाबद्दल विचारतेस. या बाबतीत खुलासा करावा. पण सक्ती नाही.

फांदी सध्या मातीच्या कुंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, उन्हाच्या आड. रोज बोट खुपसतो. मुळं धरली का ते बघायला उपटून पाहायचा मोह दिवसातून दोनदा होतो, म्हणून तुझ्या भावजयीने कुंडीवर माझ्याच हस्ताक्षरात “हलवू नये” अशी चिठ्ठी लावून घेतली आहे. पान अजून हिरवं आहे. अर्थात या जातीचं पान मेल्यावरसुद्धा दोन आठवडे हिरवं राहतं असं कोर्टवाले म्हणाले, तेव्हा पानावरही विश्वास ठेवायची सोय उरलेली नाही.

असो. तक्रार कुणाविरुद्ध ते आता तूच ठरव. भावोजींना चपलांबद्दल आभार सांग. गुडघ्याला शेक दे. आणि पुन्हा एकदा, हे बोलणं नव्हे.

तुझा,
दोघांपैकी धाकटा ठेंगू

ता. क. – वर तुझी बाजू न कापण्याचं कारण तत्त्व असं लिहिलं आहे. ते पूर्ण खरं नाही. पहिल्या वर्षी मी कात्री घेऊन तुझ्या बाजूला गेलो होतो. दुसऱ्या वर्षीही. मला तिथे उभं राहून कापता येत नाही. हात उलटा पडतो. आणि दुसरं म्हणजे, समोर दोरीपलीकडे कुणी नसतं.

ता. क. २ – हे तुझ्या भावजयीला माहीत नाही आणि कळता कामा नये. फांदीचं जे झालं ते झालं. तुला द्यायचं तर मूळ झाडच द्यायचं असं मी ठरवलं आहे. रोपवाटिकेतल्या बाईंना विचारलं. एवढं जुनं झाड एकदम उपटलं तर मरतं (हे मी चार वर्षांपूर्वी बरोबरच सांगितलं होतं, नोंद घ्यावी), पण आधी भोवती गोल चर खणून लांबची मुळं तोडायची, चरात चांगली माती भरायची आणि तीन महिने थांबायचं. आत नवी बारीक मुळं धरली की मातीच्या गड्ड्यासकट निघतं. ही भाजीला जाते तेवढ्या वेळात मी चार दिवसांत चर खणला आणि वर पालापाचोळा पसरला. चिठ्ठीची कुंडी जगली तर ती माझी, ठेंगू तुझा. मात्र अडचण अशी की खालची मुळं तोडली की वरचा भारही तेवढा उतरवावा लागतो, नाहीतर झाडाला झेपत नाही. माझी बाजू मी उतरवली. तुझी आठवडा-पंधरा दिवसांत उतरवायला हवी, आणि शिवणाच्या कात्रीने त्या जाड फांद्या तुटत नाहीत. तरी आईची कात्री टपालाने पाठवून द्यावी. टपालात धारदार वस्तू घेतात की नाही मला कल्पना नाही, मी चौकशी केलेली नाही.

ता. क. ३ – डिंक तुझ्या भावजयीच्या कपाटात असतो, म्हणून पाकीट तिच्याकडे चिकटवायला द्यावं लागणार. ती वाचणार नाही म्हणाली आहे. तरी खबरदारी म्हणून दुसऱ्या घडीत माझा एक केस ठेवला आहे (पांढरा, आखूड, जास्त ठेवणं परवडत नाही). तो जागेवर आहे का ते बघून कळवावं.

ताई, तुमच्या भावजयीचा नमस्कार. घडीतला केस पत्र उघडताना उडाला, शोधला, मिळाला नाही. माझा घातलाय. लांब आहे, तुम्हाला कळेलच. चराचं मला पहिल्या दिवशीच कळलं. भाजीला जाते आणि कोर्टवाल्यांच्या गच्चीवरून बघते. खणून झालं की हे ठेंगूशी काहीतरी बोलत बसतात, ऐकू येत नाही. पालापाचोळ्यावर रोज सकाळी थोडं पाणी शिंपडते, ह्यांना सांगू नका. तुमची बाजू मीच वाकवली होती, तेवढं माफ करा. आणि कात्री टपालाने पाठवायला जाऊ नका. कात्री टपालात घेत नाहीत. हे पोस्टात जाऊन तीन वेळा विचारून आलेत. तिसऱ्यांदाही पोस्टवाले नाही म्हणाले, तेव्हा हे हसत घरी आले.